हलव्याला काटा कसा येतो?

संक्रांतीला तिळगुळाबरोबर हातावर पडलेला हलवा तुम्ही हातात किती वेळ ठेवता? फार तर एक क्षण! या वेळी मात्र एक दाणा बाजूला काढा आणि भिंगाखाली धरून पाहा. भिंग नसेल तर आजोबांचा जाड चष्मा चालेल. दाणा गोल नाही, गुळगुळीत तर मुळीच नाही. त्याच्या सगळ्या अंगावर बोथट टोकांचे छोटे छोटे काटे उभे आहेत. आता तो दाणा फोडा. आत दिसेल एक तीळ, नाही तर खसखशीचा कण, साबुदाणा किंवा कलिंगडाची बी. तिळाला काटे नसतात. साखरेच्या पाकालाही नसतात. मग हे काटे आले कुठून?

घरातल्या मोठ्या माणसांना विचाराल, तर ‘हात असावा लागतो’ असे उत्तर मिळेल. उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. तो हात नेमके काय करतो, हे आपण पाहू या.

नागपूरच्या दक्षिण टोकाला बेसा आहे. पूर्वी हे शेतांनी वेढलेले गाव होते, आता तिथे उंच इमारतींच्या रांगा आहेत. जानेवारीत त्या इमारतींच्या गच्च्यांवर पोरे पतंग उडवत असतात आणि खाली एखाद्या घरात परातीत हलवा रंगत असतो. हलव्याला ही हवा फार मानवते. नागपूरचा हिवाळा थंड आणि कोरडा. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर इथला पारा ३.५ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे हवेत बाष्प कमी. हलवा करणाऱ्याला नेमके हेच हवे असते. ते का, हे पुढे कळेलच.

आधी हलवा करतात कसा, ते सांगतो. साखरेत पाणी घालून पाक उकळायचा, त्यात चमचाभर दूध टाकायचे. दुधातील प्रथिने साकळतात, साखरेतला कचरा आपल्यात पकडतात आणि मळी होऊन वर येतात. ती काढून टाकली की पाक नितळ होतो. पाक एकतारी झाला, म्हणजे थेंब दोन बोटांत धरून बोटे दूर नेली असता एक तार धरू लागला, की उतरवायचा. दुसरीकडे मंद आचेवर परात ठेवून त्यात भाजलेले तीळ पसरायचे. त्यांवर चमचाभर, अगदी चमचाभरच, पाक सोडायचा आणि हाताने तीळ हलवत राहायचे. पाक सुकला की दुसरा चमचा. तो सुकला की तिसरा. असे दिवसभर. कित्येकदा दोन-तीन दिवस! पूर्वी हे काम कोळशाच्या शेगडीवर चाले, कारण निखाऱ्याची धग मंद आणि एकसारखी असते. मोठ्या प्रमाणावर हलवा करणारे आज फिरत्या कढया वापरतात. पण तत्त्व तेच.

एका दाण्यात किती साखर चढते, याचे गणित तुम्हालाही करता येईल. हजार तिळांचे वजन सुमारे ३ ग्रॅम भरते, म्हणजे एक तीळ सुमारे ३ मिलिग्रॅमचा. वाण्याच्या काट्यावर हलव्याचे १०० दाणे मोजा. समजा ते १२ ग्रॅम भरले, तर एक दाणा १२० मिलिग्रॅमचा झाला. तिळाच्या ४० पट! साखरेचा रेणू साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, एवढा असतो. तिळावर साखरेचा दोन मिलिमीटर जाडीचा थर बसला असेल, तर तिथे सुमारे २० लाख रेणू एकावर एक रचले गेले आहेत. घाई करून हे काम कसे व्हायचे?

आता पाकाकडे वळू. २० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. याहून जास्त घातली तर ती तळाशी पडून राहते. हे झाले संपृक्त द्रावण. त्याच्या दर १०० भागांत ६७ भाग साखर असते. पाणी तापवले की त्याची भूक वाढते. उकळत्या पाण्यात १०० ग्रॅमला साडेचारशे ग्रॅमहून अधिक साखर मावते. साखर जितकी जास्त, तितका पाक उकळण्याचा बिंदूही वर सरकतो. एकतारी पाक सुमारे १०५ अंशांना उकळतो आणि त्यात १०० भागांत सुमारे ७० भाग साखर असते. (नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे एखादा अंश कमी धरा.)

६७ आणि ७०. या दोन आकड्यांतले अंतर पाहा. किती थोडे आहे! एकतारी पाक थंड झाला की तो संपृक्ततेच्या किंचित पलीकडे जातो, त्याला आपण अतिसंपृक्त म्हणतो. अशा पाकातली साखर बाहेर पडायला निमित्तच शोधत असते, आणि साखरेचा तयार स्फटिक हे सर्वांत उत्तम निमित्त. परातीतल्या उबदार तिळावर पाकाचा पातळ पापुद्रा पसरला की त्यातले पाणी उडून जाऊ लागते. हवा कोरडी असेल तर झपाट्याने उडते. मग त्या पापुद्र्यातले साखरेचे रेणू आधीच्या थरातील स्फटिकांवर जाऊन बसतात.

पाक कच्चा राहिला, म्हणजे त्यात पाणी जास्त राहिले, तर नवा पाक जुन्याच थराला विरघळवू लागतो. एक पाऊल पुढे आणि दोन मागे. उलट पाक फार पुढे गेला, तर तो दाण्यावर पसरण्याआधीच त्याची साखर होते. दाणे एकमेकांना चिकटतात आणि परातीत भुगा जमतो. ज्या बायकांनी कधी उष्णतामापक हातात धरला नाही, त्यांनी केवळ बोटांतल्या तारेवरून हा अचूक बिंदू शोधून काढला आहे. माझ्या मते ही तार म्हणजे स्वयंपाकघरातले एक उत्तम मापनयंत्र आहे. आपण तिला यंत्र म्हणत नाही, एवढेच.

आणि लिंबू? साखरभातासाठी पाक करताना त्यात लिंबू पिळतात. हलव्याच्या पाकात मात्र लिंबू नको. आपली साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या एका रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे दोन भाऊ हातात हात घालून उभे असतात. आम्लात उकळले की हात सुटतात. मग पाकात तीन तऱ्हेचे रेणू होतात. सारख्या विटांची भिंत भराभर चढते. तीन मापांच्या विटा मिसळल्या तर गवंडी अडखळतो. तसेच इथे होते. पाक चिकट राहतो, त्याची साखर बनत नाही. साखरभाताला हे हवेच असते. हलव्यात मात्र सगळा खेळ स्फटिकांचाच आहे.

इथपर्यंत थर कसा चढतो ते समजले. पण काटा? थर सगळीकडून सारखाच चढायला हवा. दाणा परातीत लोळतो आहे, सगळ्या बाजू आळीपाळीने वर-खाली होत आहेत. कोणत्याच बाजूशी पक्षपात नाही. मग गोल गोळी का बनत नाही?

हाच प्रश्न एका नामवंत भौतिकशास्त्रज्ञाला पडला होता. पण तो आपल्या हलव्याबद्दल नव्हे, त्याच्या जपानी भावंडाबद्दल. जपानात ‘कोंपेइतो’ नावाची साखरेची मिठाई मिळते. दाणा वाटाण्याएवढा आणि त्याला सगळीकडून बोथट शिंगे. आपल्या हलव्याशेजारी ठेवली तर सख्खी बहीण शोभेल. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती तिकडे गेली. नावही ‘कॉन्फेइतो’ या पोर्तुगीज शब्दावरून आलेले. १५६९ साली लुईस फ्रॉइश या पोर्तुगीज पाद्र्याने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बरणीत घालून ही मिठाई नजर केली होती. पूर्वी तिच्या पोटात खसखशीचा दाणा असे. आपल्याकडेही खसखशीचा हलवा करतात, हे लक्षात आहे ना? मोठ्या, तिरक्या, फिरत्या कढईत हळूहळू पाक सोडत ती दोन आठवडे करावी लागते.

तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) हे तोक्यो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. क्ष-किरणांनी स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्या जगातल्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना होते. एवढ्या मोठ्या माणसाने १९२७ साली कोंपेइतोच्या शिंगांवर लिहिले. सगळ्या दिशा सारख्या आहेत म्हणून गोळाच व्हायला हवा, असे म्हणताना आपण फक्त सरासरीचा विचार करतो. प्रत्यक्षात सरासरीच्या थोडे वर, थोडे खाली असे चढउतार नेहमीच असतात. एखाद्या जागी योगायोगाने जरासा उंचवटा आला आणि उंचवट्यावर साखर अधिक वेगाने बसत असेल, तर तो उंचवटा वाढतच जाणार. तेरादांच्या विचाराचा गाभा हा असा होता.

पैशाकडे पैसा जातो म्हणतात, तसे हे उंचवट्याकडे साखर जाणे आहे. ते का घडते? परातीच्या तळाशी पाकाचा पातळ थर असतो आणि दाणा त्यावरून लोळत असतो. तळाला आधी टेकणार कोण? उंच टोकच. दोन टोकांमधल्या खळगीला पाक क्वचितच लागतो. मग टोकावरचा पाक सुकतोही लवकर, कारण त्याला सगळीकडून हवा लागते; खळगीतला ओलावा मात्र कोंडून राहतो. म्हणजे टोकाला पाक जास्त मिळतो आणि तो लवकर घट्टही होतो. पुढच्या खेपेला टोक आणखी थोडे उंच झालेले असते आणि त्याला आणखी जास्त मिळते. शंभर खेपा अशा झाल्या की काटा फुलतो.

हे केवळ मिठाईपुरते नाही. १९६३ साली मलिन्स आणि सेकर्का या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवून दिले, की द्रवात वाढणारा गोल कण एका मर्यादेपेक्षा मोठा झाला की त्याचा गोलपणा टिकत नाही. बारीकसा उंचवटाही मग वाढू लागतो. वितळलेला धातू गोठताना त्यात फांद्या फुटतात त्या यामुळेच. हिमकणाच्या सहा पाकळ्यांना फांद्या फुटतात त्याही याच जातीच्या कारणाने. हलव्यात पाक थराथराने चढतो, म्हणून ते गणित जसेच्या तसे इथे लावता येणार नाही. पण पुढे असणाऱ्याला आणखी पुढे ढकलण्याची तऱ्हा तीच.

मग प्रत्येक साखरी गोळीला काटे का नसतात? जेवणानंतर खातो त्या बडीशेपेच्या रंगीत गोळ्या पाहा. त्याही अशाच फिरत्या कढईत पाक चढवून करतात. औषधाच्या कडू गोळ्यांना साखरेचे आवरण याच रीतीने देत आले आहेत. त्या मात्र चकचकीत गुळगुळीत! कारण काट्याला शत्रूही आहेत. एक म्हणजे घासणे. दाणे जोराने एकमेकांवर आपटले, घासले, की टोके झिजतात. दुसरा शत्रू अदृश्य आहे. तो म्हणजे पृष्ठताण. द्रवाचा पृष्ठभाग नेहमी आक्रसून लहान व्हायला पाहतो. उंच भागावरून द्रव ओढून तो खळग्यात भरतो. पाक पातळ असेल किंवा एकदम जास्त पडला, तर सुकण्याआधी त्याला वाहायला सवड मिळते. खळग्या भरतात आणि काटे बुजतात. चमचाभरच पाक, मंद आच, बोटांनी हलकेच फिरवणे आणि कोरडी हवा या सगळ्या गोष्टी कशासाठी, ते आता ध्यानात आले असेल. पाकाला वाहायला वेळ मिळण्यापूर्वीच तो सुकला पाहिजे. ‘हात असावा लागतो’ तो यासाठी.

गंमत अशी, की साखरेच्या दुसऱ्या एका कलेत याच पृष्ठताणाला पाहुण्यासारखे बोलावतात. नाताळात बेकरीच्या काचेआड चांदणीच्या, झाडाच्या आकाराची बिस्किटे दिसतात. त्यांच्यावर पांढरी, लाल, हिरवी नक्षी असते. तिला रॉयल आयसिंग म्हणतात. पिठासारखी दळलेली साखर अंड्याच्या पांढऱ्यात फेटून ती करतात. (कच्च्या अंड्यातून रोगजंतू जाऊ नयेत म्हणून आता पुष्कळ जण पांढऱ्याची तयार भुकटी वापरतात.) कागदाच्या शंकूतून आधी बिस्किटाच्या कडेने घट्ट आयसिंगची रेघ ओढायची. हे झाले कुंपण. मग त्याच आयसिंगमध्ये थोडे पाणी घालून ते सैल करायचे आणि कुंपणाच्या आत ओतायचे. इथे पृष्ठताण आणि गुरुत्वाकर्षण दोघे मिळून पृष्ठभाग आपोआप सपाट करतात. मग पाणी उडते. कणांमधल्या पाकातून साखर बाहेर पडून कणांना एकमेकांशी सांधते, अंड्यातली प्रथिने जाळ्यासारखी त्यांना धरून ठेवतात आणि नक्षी कडक होते. साखर तीच, पाणी तेच. बिस्किटवाल्याला खळग्या भरून हव्यात, हलवेवाल्याला त्या राखायच्या आहेत. नाताळ आणि संक्रांत यांत वीसच दिवसांचे अंतर. पण कारागिरी अगदी उलट.

नागपूरकरांना साखरेची तिसरी कलाही ठाऊक आहे. होळी आली की विदर्भात मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्यांची माळ पडते. गाठ्यांचा पाक लाकडी साच्यात ओततात आणि दोरा आत धरूनच तो गोठतो. तिथे लोळवणे नाही आणि काटाही नाही. आकार साचाच ठरवतो.

काट्याचा आणखी एक उपयोग सांगायचा राहिला. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला तिला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात. तान्ह्या बाळाच्या बोरन्हाणालाही काळे झबले आणि हलव्याचा मुकुट, बासरी, बाजूबंद. साखरेचा दाणा भोक पाडायला गेले तर फुटतो. म्हणून दाण्याभोवती दोऱ्याची गाठ मारून त्यांची माळ करतात. गुळगुळीत गोळीवरून ती गाठ निसटली असती. काट्यांच्या बेचक्यात दोरा पक्का बसतो! एका ठुशीला किंवा तन्मण्याला असे किती दाणे लागत असतील, ते एखादा दागिना हाती आला तर मोजा. बांधणाऱ्या बाईच्या बोटांची किंमत कळेल.

आणि हलवा पांढरा का? साखरेचा स्फटिक तर काचेसारखा पारदर्शक असतो, खडीसाखर पाहा. पण हलव्यात लक्षावधी बारीक स्फटिक वाटेल तसे जडलेले असतात आणि त्यांच्यामध्ये हवा असते. प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा थोडा प्रकाश परततो, विखुरतो, आणि सगळे रंग एकत्र येऊन डोळ्याला पांढरे दिसते. दाण्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. तेवढी जागा लगेच काळसर, अर्धपारदर्शक होते, कारण हवेच्या जागी पाणी शिरले.

हा प्रयोग घरी करण्याजोगा आहे. मात्र मोठे माणूस बरोबर हवेच. पाक १०५ अंशांचा असतो आणि तो कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते. पाक करण्याचे काम मोठ्यांकडेच द्या. १०० ग्रॅम साखर आणि ५० मिलिलिटर पाणी पुरे. परात बोटाला सोसवेल इतकीच गरम असू द्या. दोन चमचे भाजलेले तीळ घ्या आणि त्यांचे दोन भाग करा. एका भागाला दर वेळी अर्धा लहान चमचा पाक द्या, दुसऱ्याला एकदम दोन चमचे. दर दहा खेपांनंतर दोन्ही भागांतला एकेक दाणा कागदावर चिकटवा, शेजारी खेपेचा आकडा लिहा आणि भिंगातून पाहून त्याचे चित्र काढा. सुरुवातीला काहीच दिसणार नाही. तीळ नुसते पांढरे होतील. कंटाळून आच वाढवू नका, वाढवली तर साखर पिवळी पडेल. उंचवटे प्रथम कितव्या खेपेला दिसले? एका दाण्यावर काटे किती? दाणा मोठा होत गेला तसे काटे वाढले, की तितकेच राहून नुसते लांब झाले? या शेवटच्या प्रश्नावर विशेष लक्ष ठेवा.

तयार झालेले थोडे दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि थोडे उघड्या वाटीत कपाटावर ठेवून द्या. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखर हवेतले बाष्प ओढून स्वतःच विरघळू लागते. बेसा येथे उन्हाळाभर वाटीतल्या दाण्यांना काही होणार नाही. जुलैत झड लागली की पाहा. आधी टोके ओली होऊन चकाकतील, मग पाक खळग्यांत उतरेल, आणि जानेवारीत दोन दिवस खपून फुलवलेला काटा पृष्ठताण एका आठवड्यात बुजवून टाकील. रत्नागिरीला किंवा मालवणला तुमचा कोणी मित्र असेल, तर त्याला अशीच वाटी ठेवायला सांगा आणि त्याच्याकडचे काटे कोणत्या तारखेला बुजले ते पत्राने विचारून घ्या.